सागाची मोजणी होते, आमची कधी होणार?

भंडारा जिल्ह्यात दिघोरी नावाची गावे एकापेक्षा जास्त आहेत. मी लिहितो आहे ते लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी (मोठी) इथून. हा धानाचा मुलूख. बांध्या, बोड्या, मामा तलाव, बांधावर एखादे मोहाचे झाड आणि गावाच्या कडेला काटेरी, खुरटी, गुरांनी चरलेली मोकळी जागा. या मोकळ्या जागेला सातबाऱ्यावर दोन शब्द आहेत: झुडपी जंगल. अलीकडे विहारातल्या बैठकीत विषय कोणताही असो, शेवटी कोणीतरी हळूच विचारतो, "आपली जागा झुडपीत येते का जी?"

या प्रश्नामागे भीती आहे आणि ती खोटी नाही. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच समजल्या जातील असा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे यात येतात. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरचा आहे. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी वाटल्या, त्या वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, अशी सवलत निकालात आहे. त्याच निकालात अतिक्रमणे काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कृती दल नेमण्याचा आणि दोन वर्षांत काम संपवण्याचा आदेशही आहे.

सवलतीतला शब्द नीट वाचा: 'वाटलेल्या' जमिनी. ज्याला सरकारने कागद दिला, त्याला दिलासा. ज्याला कागद कधी मिळालाच नाही, तो अतिक्रमणधारक. आता या गावांत कागद कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे आम्ही सांगायला हवे का? शाळा, सरकारी इमारती, सोसायट्या, वजनदार लोकांचे भूखंड यांच्या फायली असतात. भूमिहीन बौद्ध, बुरड, ढिवर, गोवारी यांच्या झोपडीची आणि दीड एकराच्या वाहितीची फाईल नसते. असलीच तर ती नोटीस असते.

असा प्रश्न उभा राहिला की शासनाकडून ठरलेले उत्तर येते: वनविभागाची नियोजन क्षमता वाढवायची आहे. उपग्रहाचे नकाशे येतील, ड्रोन येतील, नोंदी संगणकावर जातील, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळेल, नवी कार्य आयोजना तयार होईल. ऐकायला छान आहे. माझा प्रश्न इतकाच की गेली चाळीस वर्षे ही क्षमता वाढतेच आहे. मग गावाच्या शिवेवर कोण राहतो, कधीपासून राहतो आणि कशावर जगतो, एवढे साधे या यंत्रणेला अजून का ठाऊक नाही?

झुडपी कोणाची होती?

हा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. गावाचा मालक मालगुजार. शेतीखालची जमीन सोडली की उरलेल्या पडीत जागेत गावाची गुरे चरत, सरपण येई, घरासाठी बल्ल्या आणि काटे येत. या वापराला इथे निस्तार म्हणतात. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि गावाचे निस्तार हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कागद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आले, पण त्यांचा अर्थ लावायची तसदी कोणी घेतली नाही. महसूल विभाग म्हणे ही जमीन आमची, वनविभाग म्हणे आमची. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय वनजमिनीचा दुसरा वापर बंद झाला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने सरकारी नोंदीत वन म्हणून असलेली प्रत्येक जमीन या कायद्याखाली आणली. दोन विभागांच्या भांडणात अडकलेली झुडपी जमीन आणखी घट्ट अडकली.

या काळात आमचे लोक काय करत होते? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती: सरकारी पडीत जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. मराठवाड्यात निदान या निर्णयाचा आधार घेऊन भांडता तरी येते. पूर्व विदर्भात त्याच भूमिहीनाने तशाच पडीत जागेवर नांगर धरला, पण त्याच्या जमिनीच्या नोंदीत 'झुडपी जंगल' लिहिलेले होते, म्हणून त्याच्या वाट्याला केंद्राच्या कायद्याची आडकाठी आली. एकाच राज्यातला एकाच जातीचा भूमिहीन. मालगुजाराच्या काळातल्या कारकुनाने लिहिलेल्या दोन शब्दांनी त्याचे नशीब वेगळे केले.

हे अज्ञान नियोजनाचे आहे. आणि ते उपग्रहाने जाणार नाही.

क्षमता वाढली ती कोणाची?

जगाच्या पाठीवर 'विकसनशील देशांची वननियोजन क्षमता वाढवणे' हा मोठा उद्योग राहिला आहे. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक बँक यांनी इतर संस्थांसोबत उष्ण कटिबंधातील वनांसाठी कृती आराखडा आणला. देशोदेशीच्या सरकारांनी आराखडे केले. त्यावर तेव्हाच टीका झाली की यात वनखाती आणि लाकूड आहे, जंगलात राहणारी माणसे नाहीत. आपल्याकडे १९८२ मध्ये अमेरिकी मदतीने सामाजिक वनीकरणाचा प्रकल्प आला. १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र वनीकरण प्रकल्प आला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने वीस वर्षांचा राष्ट्रीय वनीकरण कृती कार्यक्रम तयार झाला. देशाच्या एक तृतीयांश भूभागावर झाडे आणायचे त्याचे उद्दिष्ट होते. ती वीस वर्षे केव्हाच सरली.

नंतर राज्यात वृक्षलागवडीचे उत्सव झाले. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचे लक्ष्य. यातली किती जगली याची विचारणा इतकी वाढली की पुढे विधिमंडळाच्या समितीकडून चौकशीची घोषणा करावी लागली. कोट्यवधी रोपांचा आकडा घटकेघटकेला संकेतस्थळावर चढवण्याची क्षमता यंत्रणेत होती. खड्ड्यात रोप आहे की नाही हे पाहण्याची नव्हती. कारण ते पाहू शकणारा माणूस गावात होता, गुरे चारत होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. उलट रोपवनाला कुंपण घालून त्याचीच गुरे बाहेर काढली होती.

पैसा नाही ही सबबही चालणार नाही. खाणी, धरणे, रस्ते यांसाठी जंगल तोडले की भरपाईचा निधी जमा होतो. २०१६ च्या कायद्याने या निधीची घडी बसवली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींच्या वर आले. जंगल गमावले गावाने, निधी गेला वनविभागाकडे, आणि त्या निधीतून रोपवन उभे राहिले पुन्हा कुठल्यातरी गावाच्या चराईच्या जागेवर. ही भरपाई म्हणायची की दुसऱ्यांदा केलेली वसुली?

तंत्रज्ञानाचेही तसेच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजते. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र दहा टक्के किंवा अधिक दिसले की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणते, याला त्या व्याख्येत जागा नाही. त्यामुळे आंब्याची बाग, सागाचे रोपवन आणि मोह, चार, तेंदू, बेहड्याचे मिश्र जंगल वरून सारखेच हिरवे दिसते. ज्या बाईला मे महिन्याच्या उन्हात तेंदूची पाने खुडून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा असतो, तिला या तिन्हींतला फरक विचारा. ती पाच मिनिटांत सांगेल. तिचे ज्ञान कुठल्या आराखड्यात आले आहे?

वनविभागाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांसाठी असते. कोणत्या कूपात केव्हा तोड, कुठे विरळणी, कुठे रोपवन हे त्यात असते. सागाची गोलाई इंचासेंटिमीटरांत मोजलेली असते. शेकडो पानांचा हा दस्तऐवज इंग्रजीत असतो आणि तो गावात येतो तो फक्त बंदीच्या रूपाने: इथे चारू नका, तिथे जाऊ नका. ज्यांचे आयुष्य त्या पानांवर ठरते, त्यांना ती वाचता येऊ नयेत अशीच जणू सोय आहे. ज्ञान एका वर्गाच्या हाती ठेवायचे आणि बाकीच्यांनी फक्त पाळायचे, ही रीत आम्हाला नवी नाही. तिचे नाव आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पंचाहत्तर वर्षांचा कागद

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. तीनच महिने आधी, २९ सप्टेंबरला, याच जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबाचे हत्याकांड झाले होते. त्या वैरामागे शेताचा आणि रस्त्याचा वाद होता. जमिनीवर पाय रोवून उभा राहिलेला दलित या जिल्ह्याने कसा वागवला, हे विसरून इथल्या जमिनीविषयी बोलता येत नाही.

वनहक्क कायद्याने जंगलावर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरेसा धरला. ते योग्यच झाले. ते आदिवासींनी लढून मिळवले आहे आणि त्यातला एक शब्दही कमी होता कामा नये. पण 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून आम्ही दावा केला की तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. हिशेब केला तर १९३० च्या आधीपासून.

१९३० हे साल आम्हाला माहीत आहे. त्या वर्षी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या काळात आम्हाला देवळाची पायरी आणि गावाची विहीर बंद होती, त्या काळातला जमिनीचा आणि वास्तव्याचा कागद आमच्याकडून मागितला जातो. एका कार्यालयात दावा परत मिळालेली एक म्हातारी मला म्हणाली, "माज्या आज्याले गावात पाय ठेवू देत नवते, त्याचा कागद कोन करून ठेवन जी?" याला उत्तर देईल असा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.

आणि यात एक क्रूर विनोद आहे. गावाची शीव कुठे आहे, धुरा कोणी सरकवला, यावर वाद झाला की जुन्या काळी महाराची साक्ष घेतली जाई. गावाचा कोतवाल बहुधा तोच. सरकारी माणूस आला की त्याला शिवार दाखवणारा तोच. ज्याच्या साक्षीवर गावाचा नकाशा ठरला, त्याच्या नातवाला आज सांगतात की तू या नकाशात नाहीस.

कायदा नीट वाचला तर तोही असे म्हणत नाही. पंचाहत्तर वर्षे आहेत ती त्या भागातल्या वास्तव्याची आणि जंगलावरच्या अवलंबनाची. ज्या तुकड्यावर दावा आहे तो तुकडाच पंचाहत्तर वर्षे ताब्यात असला पाहिजे, अशी अट नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने हे स्पष्ट केले आहे. नियमांत पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात, जुन्या विहिरी, स्मशानभूमी, बांध यांसारख्या खुणा चालतात. २०१२ च्या दुरुस्तीने तर असेही सांगितले की उपग्रहाचे चित्र दावेदाराच्या पुराव्याला जोड म्हणून वापरा, त्याच्या जागी वापरू नका. एवढे सगळे लिहिलेले असताना दावे 'पंचाहत्तर वर्षांचा पुरावा नाही' या एका ओळीने फेटाळले जातात. १३ फेब्रुवारी २०१९ ला फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून आला आणि दोन आठवड्यांत, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली. त्यानंतर अनेक राज्यांना जुने निकाल पुन्हा तपासावे लागले. चुकीचे फेटाळले होते म्हणूनच ना?

आता झुडपीकडे परत या. वनहक्क कायद्यातली वनजमिनीची व्याख्या फार रुंद आहे. राखीव आणि संरक्षित वनांबरोबर अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि मानीव वने, सगळी तिच्यात येतात. म्हणजे न्यायालयाने झुडपी जमीन वन ठरवली असेल, तर त्याच क्षणी तिच्यावर वनहक्क कायदाही लागू होतो. आणि त्या कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवासीला हुसकावता येत नाही. जमीन काढून घेताना ती वन, आणि हक्क मागताना ती महसुलाची पडीत, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही. कृती दलात बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर हे कलम ठेवले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांच्या खिशात तर ते असलेच पाहिजे.

ग्रामसभा हवी, पण कोणाची?

इथे काही मित्र म्हणतील, उपाय सोपा आहे: नियोजन ग्रामसभेला द्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू आपण विकला. चंद्रपूरच्या पाचगावने २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळवला, तेंदूची तोड स्वतःहून थांबवली आणि बांबूवर रोजगार उभा केला. वनखात्याचा एकही सल्लागार न नेमता या गावांनी नियोजन करून दाखवले. कायदाही तेच सांगतो. ग्रामसभेच्या समितीने आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा आणि तो वनविभागाच्या आराखड्याशी जोडावा, असे नियमात आहे. मात्र राज्याने २०१४ मध्ये ग्रामवनाचे नियम आणले आणि १९२७ च्या इंग्रजी वन कायद्याचा आधार घेऊन तोच कारभार पुन्हा वनविभागाच्या देखरेखीखाली नेण्याची वाट उघडली. आदिवासी मंत्रालयानेच त्यावर आक्षेप घेतला होता.

तरीही 'ग्रामसभेला द्या' एवढे म्हणून आंबेडकरी माणसाला थांबता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावले होते, ते आपल्याला पाठ आहे. खेडे म्हणजे त्यांच्या लेखी संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर होते. मेंढा-लेखा हे एकजिनसी गोंड गाव आहे. लाखांदूर-साकोलीतले गाव तसे नाही. इथे वरचा टोला आहे आणि बौद्धांची वस्ती वेगळी आहे. तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीला जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ग्रामसभेत आराखडा झाला, तर वनखात्याच्या जागी गावपाटील आला एवढाच फरक पडेल.

नियम पाहा. वनहक्क समितीत दहा ते पंधरा सदस्य असतात. दोन तृतीयांश आदिवासी, किमान एक तृतीयांश महिला. हे बरोबर आहे. पण अनुसूचित जातींसाठी एकही जागा राखीव नाही, भूमिहीनांसाठी नाही. जिथे आदिवासी वस्तीच नाही, तिथे उरते फक्त महिलांची अट, आणि बाकी जागा गावातले बळकट लोक वाटून घेऊ शकतात. उपविभागीय समितीतही आमच्यासाठी वेगळी जागा नाही. बुरड समाज बांबूवर जगतो. तो महाराष्ट्रात अनुसूचित जातीत आहे. बांबूचे नियोजन करणाऱ्या समितीत त्याला जागा नसावी, यापेक्षा नियोजनाचे दुसरे अपयश कोणते?

शेजारच्या नेपाळने १९९३ च्या कायद्याने जंगले उपभोक्ता समूहांना दिली. आज असे २२ हजारांहून अधिक समूह आहेत आणि उघड्या पडलेल्या टेकड्यांवर पुन्हा झाडी आली आहे. पण तिथेही दलितांना अनुभव आला की अध्यक्ष वरच्या जातीचा आणि चराईबंदीचा फटका खालच्याला. म्हणून २००९ च्या मार्गदर्शिकेत उत्पन्नाचा ३५ टक्के हिस्सा गरिबांसाठी राखायचे ठरले. ते पुरेसे झाले असे नाही. पण समूहाच्या आतही विषमता असते हे तिथल्या नियमाने निदान मान्य केले. आपल्या नियमाने अजून केलेले नाही.

"जंगल संपेल" म्हणणाऱ्यांना

शहरातले निसर्गप्रेमी विचारतात, सगळ्यांना पट्टे दिले तर वाघ कुठे जाईल? वाघाचे भय आम्हाला पुस्तकातून कळलेले नाही. २०२२ मध्ये सीटी-१ नावाचा वाघ वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी या भागात फिरत होता. त्याने तेरा माणसे मारली आणि ऑक्टोबरमध्ये तो वडशाच्या जंगलात जेरबंद झाला. मेलेले लोक जंगलात सहलीला गेले नव्हते. ते सरपणाला, गुरांमागे, पोटासाठी गेले होते. वाघाचा भ्रमणमार्ग आखताना माणसाचा निस्तारमार्ग आखला नाही, की दोघे एकाच पायवाटेवर येतात.

आणि जंगल कोणी संपवले? १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगलाच्या जागी सागाची रोपवने उभी केली. ती झोपडीवाल्याने केली नाहीत. मोह आणि चार तोडून साग लावायचे नियोजन सरकारी होते, तज्ज्ञांचे होते, प्रशिक्षित होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलातल्या आणि जंगलालगतच्या लोकांच्या गरजांचा पहिला हक्क मान्य केला. पण नीती दिल्लीत राहिली आणि गावात कुंपण आले.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. बीटावरचा वनरक्षक हा या गोष्टीतला खलनायक नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच घरातला मुलगा असतो. एकटा, काठी घेऊन, वणव्यात आणि वाघाच्या मागावर. त्याच्यासाठी साधने हवीत, पदे भरायला हवीत. त्याला विरोध नाही. विरोध आहे तो त्याला गावाविरुद्ध उभा करणाऱ्या आराखड्याला.

आम्हाला नियोजन हवे आहे

आम्ही नियोजनाचे वैरी नाही. बाबासाहेब स्वतः नियोजक होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना पाणी आणि वीज यांच्या राष्ट्रीय धोरणाचा पाया त्यांनी घातला. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतीला राज्याचा उद्योग करा, जमीन जातपात न पाहता द्या, कोणी जमीनदार नको आणि कोणी भूमिहीन नको, असा आराखडा मांडला. ज्या भंडाऱ्यातून ते १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि ज्या भंडाऱ्याने त्यांना पाडले, त्या जिल्ह्यात बसून मी हे लिहितो आहे. त्यांना हवे होते ते बळकट राज्य, पण सगळ्यात खालच्या माणसाला आधी मोजणारे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली. झुडपी जमिनीवर कृती दल पाठवण्याआधी प्रत्येक गावात महसूल आणि वन या दोन्ही विभागांनी एकाच दिवशी, एकत्र, टोल्याटोल्यात जाऊन मोजणी करावी. कोण राहतो, कधीपासून, जमिनीचा वापर काय, जात कोणती हे लिहावे आणि ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. निस्तार पत्रके बाहेर काढावीत.

दुसरी. वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत एकाही भूमिहीनाचे घर किंवा वाहिती हलवू नये. कलम ४(५) तेच सांगते.

तिसरी. पंचाहत्तर वर्षांची अट वास्तव्याची आहे, ताब्याची नाही, असे लेखी आदेश प्रत्येक उपविभागाला जावेत आणि या कारणाने फेटाळलेले दावे पुन्हा उघडावेत. संसदेत आपल्या खासदारांनी ही अटच रद्द करण्याची दुरुस्ती मांडावी.

चौथी. वनहक्क समित्या आणि सामूहिक वन व्यवस्थापन समित्यांत अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन यांना राखीव जागा द्याव्यात. आदिवासींच्या जागा कमी करून नव्हे. उरलेल्या जागांतून.

पाचवी. भरपाई वनीकरणाचा पैसा ग्रामसभेच्या आराखड्याप्रमाणे खर्च व्हावा. चराईच्या जागेवर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही खड्डा खोदू नये.

सहावी. कार्य आयोजना मराठीत यावी, गावाचा भाग वेगळा काढून चावडीवर लावावा. ज्याला ती वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी परदेशी कर्ज लागत नाही. तलाठी, वनरक्षक, ग्रामसेवक आणि कोतवाल एका झाडाखाली बसवले, तरी सुरुवात होते.

आणि आपल्या लोकांना एक सांगणे. विहारातला प्रश्न हळू आवाजात विचारू नका. आपापल्या गावाचा सातबारा आणि निस्तार पत्रक काढा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, कारण आपला पंचाहत्तर वर्षांचा पुरावा त्यांच्या तोंडी आहे आणि तो दर वर्षी कमी होतो आहे. पुढच्या ग्रामसभेत वस्तीतला प्रत्येक माणूस, विशेषतः प्रत्येक बाई हजर राहिली पाहिजे आणि ठरावावर आपले नाव आले पाहिजे. गोंड भावांना सोबत घ्या. त्यांचे आणि आपले भांडण लावून द्यायला टपलेले लोक प्रत्येक गावात आहेत.

सरकारी मोजणीदार सागाच्या बुंध्याला टेप लावतो, खूण करतो, नंबर घालतो. तो नंबर आपल्या वस्तीतल्या घरांनाही पडेपर्यंत या जिल्ह्यातला कोणताही वनआराखडा आम्ही पूर्ण मानणार नाही.

जय भीम.